धाकट्याला न दिसणारा गुलाबी

घरात सगळ्यात लहान, म्हणून त्याला धाकटा म्हणत. कॉलेजातही तेच नाव चिकटलं. तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, रसायनशास्त्र घेऊन. कॉलेज घरापासून लांब, म्हणून मुक्काम मामाकडे. मामाचं कुलूप दुरुस्तीचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत दोघं राहत. मामाने लग्न केलं नव्हतं. "लोकांची कुलपं उघडतो मी, स्वतः कशाला अडकू?" म्हणायचा.

त्या वर्षी टायट्रेशन सुरू झालं. फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या उभ्या नळीतून, त्यात अल्कली थेंबथेंब सोडायची आणि रंग बदलणाऱ्या इंडिकेटरने किंचित गुलाबी झाक आली की तिथल्या तिथे थांबायचं. किती अल्कली लागली त्यावरून आम्ल किती ते निघतं. तीन वेळा करायचं आणि तिन्ही रीडिंग जुळायला हवीत.

धाकट्याची तीन रीडिंग तीन गावची.

"फ्लास्क पार गडद होईपर्यंत झोपला होतास का रे?" मॅडम ओरडायच्या. मग शेजारची मैत्रीण हळूच "आला, थांब" म्हणू लागली आणि रीडिंग जुळायला लागली. मॅडमनी ते हेरलं, दोघांना दोन टोकांना उभं केलं. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एकदा मॅडमनी त्याला थांबवून घेतलं आणि समोर दोन फ्लास्क ठेवले. "यातला गुलाबी कुठला?"

तो बघतच राहिला. "दोन्ही पाण्यासारखेच आहेत, मॅडम."

मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "अरे, मग बोलायचं नाही का?"

"सगळ्यांना इतकंच दिसत असेल असं वाटलं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला दिले. निम्मे त्याला दिसलेच नाहीत. रंगांधळेपणा, त्याला औषध नाही.

"विषय बदलावा लागणार. मला रंग नीट दिसत नाहीत," त्याने दुकानात येऊन सांगितलं.

मामाच्या हातातली कानस थांबली. "लाल-हिरव्याचं?"

"तुला कसं कळलं?"

"मलाही नाही दिसत. रेल्वेत ड्रायव्हर व्हायचं होतं, डोळ्यांच्या तपासणीत घरी पाठवलं. घरी सांगितलं, उंची कमी पडली. तुझ्या आईला आजही तेच माहीत आहे." मामाने कानस खाली ठेवली. "मला सिग्नलच बघायचा होता, तिथे इलाज नव्हता. तुला काय बघायचंय? रंग की आम्ल?"

दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून जाड पुस्तक घेऊन धाकटा मॅडमसमोर उभा राहिला. "मॅडम, पीएच मीटरनेही करता येतं. अल्कली घालत जायची, आकडे टिपायचे, आलेख काढायचा. रेघ जिथे एकदम उभी चढते, तिथे आम्ल संपलं."

"येतं. पण तिसऱ्या वर्षाचा प्रयोग आहे तो. आणि वेळ तिप्पट लागेल."

"लागू दे."

आम्लता आकड्यात दाखवणारा मीटर कपाटात धूळ खात पडला होता, त्याचा बुडवायचा इलेक्ट्रोड सुकलेला. मॅडमनीच तो द्रावणात भिजत घातला. सुरुवातीचे आलेख वेडेवाकडे आले. कधी इलेक्ट्रोड धुवायचा राहिला, तर कधी घाईत जास्त अल्कली पडून नेमकी ती चढणच निसटली. पण धाकटा हटला नाही. वर्ग सुटला तरी तो ब्युरेट धरून उभाच. हळूहळू हात बसला: आधी भराभर, चढण जवळ आली की थेंबाथेंबाने.

परीक्षेला बाहेरचे सर आले. मॅडमनी प्राचार्यांची परवानगी काढून ठेवली होती, तरी मीटर बघून सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रंग दिसत नाही, तर रसायनशास्त्र कशाला घेतलं?"

धाकटा ब्युरेट भरता भरता म्हणाला, "सर, आम्ल किती आहे ते विचारलंय. ते काढून देतो."

दोन रीडिंग झाली आणि वेळ संपली. सरांनी उत्तर पडताळलं, ते बरोबर होतं.

"तिसरं रीडिंग नाही. मार्क कापावे लागतील."

"कापा, सर."

पहिला वर्ग थोडक्यात हुकला. मामाने "थोडक्यात हुकला म्हणजे मार्क कापणाऱ्यालाही घाम फुटला असेल" म्हणत त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि त्याच आठवड्यात बहिणीकडे जाऊन उंचीची खरी गोष्ट सांगून आला.

धाकटा आता पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. मुलाखतीत कुणी विचारायच्या आधीच त्याने डोळ्यांचं सांगून टाकलं होतं. रंगावर चालणाऱ्या तपासण्या त्याची सहकारी करते, मीटरच्या सगळ्या त्याच्याकडे. एकमेकांचं काम तपासून दोघं सही करतात, आणि चुकलं की दोघंही भांडतात.