पंप कुठे बसवावा

शनिवार, १० एप्रिल १९८२, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. कल्याणच्या मावशीकडून नाशिकला परतताना कसारा घाटाच्या मध्यावर आमची मोटार आचके देऊन थांबली. थांबण्यात नवल नव्हते. नवल इतकेच, की पूर्वी ती आपल्या गुणांनी थांबत असे आणि त्या दुपारी ती माझ्या आकडेमोडीमुळे थांबली होती.

मोटार इंग्रजी बनावटीची, वयाने माझ्याहून थोडी वडील. बाबा ज्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथले डॉक्टर कायमचे परदेशी गेले आणि जाताना ती जवळजवळ फुकट बाबांच्या हवाली करून गेले. सपाटीवर तिचे वागणे अत्यंत सभ्य असे. उन्हाळ्यात घाट लागला, की मात्र इंजिनाची धग त्याला खेटून बसलेल्या पेट्रोलच्या पंपाला लागे, नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, वाफ काही त्या पंपाला पुढे ढकलता येत नसे, आणि कार्बोरेटर कोरडा पडे. यावर आमच्या घरी एक ठरलेला विधी होता. बाबा बॉनेट उघडत. आई मागच्या सीटवरून पाण्याची कळशी आणि पंचा पुढे करी. बाबा ओला पंचा पंपाला गुंडाळत, आणि तो गार होईपर्यंत आम्ही तिघे रस्त्याच्या कडेला बसून दशम्या आणि लसणाची चटणी खात असू. आम्हाला मागे टाकून जाणाऱ्या एस.टी.तली माणसे खिडकीतून वाकून बघत.

मी नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते आणि एका महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेत होते. गाडी चालवण्याचा परवानाही काढला होता. सकाळी महाविद्यालयाच्या फाटकातून मोटार आत नेताना मुली मान वळवून पाहत, तेव्हा मला विज्ञानाच्या प्रगतीविषयी विशेष आस्था वाटे. अशा व्यक्तीला पंचा कसा मानवावा? "पंचा हा उपाय नव्हे, पराभव आहे," असे मी जेवताना जाहीर केले. आईने भात वाढता वाढता विचारले, "मग वाळत घातलेला आत आणू की नको?"

त्याच सुमारास पंचवटीतले एक बँडपथकाचे मालक गाडीला गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. त्यांना ती वरातीसाठी हवी होती.

"काका, वरून टप कापून टाकायचा, आत गादी घालायची, की नवरदेव मस्त उभा! घोड्याची कटकटच नको."

"उभा कशाला राहतो नवरदेव?" बाबा म्हणाले. "बसायला काय होतं त्याला?"

"बसल्यावर दिसतो कुणाला?"

ते गेल्यावर बाबा बराच वेळ टपावरून हात फिरवत अंगणात उभे होते. मग आत येऊन त्यांनी निकाल दिला, "माझी साठी आली. भर रस्त्यात पंचे पिळत बसणं आता शोभत नाही. उन्हाच्या वेळी, न थांबता, एकदा कसारा चढली तर गाडी आपली. नाहीतर अक्षय्य तृतीयेला त्यांना किल्ली."

मला अट आवडली. अशा अटीला प्रयोग म्हणता येते. मुंबईच्या जुन्या बाजारातून मी विजेवर चालणारा पंप मिळवला. तो चालताना टक टक आवाज करी. कार्बोरेटर भरलेला असला तर सावकाश, रिकामा असला तर घाईघाईने. प्रश्न एवढाच उरला, की तो बसवायचा कुठे. मी आलेखाचा कागद घेतला. बॅटरी पुढे, बॉनेटखाली. पेट्रोलची टाकी पार मागे, डिकीखाली. पंप मागे बसवला तर वायर लांब लागणार, लांब वायरीत व्होल्टेज घसरणार, पंप अशक्त होणार. पुढे बसवला तर वायर हातभर. आलेखाची रेषा इतकी देखणी आली होती, की तिच्यावर शंका घेणे मला असभ्यपणाचे वाटले. मुंबई नाक्याजवळच्या मिस्त्रींपुढे मी तो कागद पसरला.

"ताई, गणित बरोबरच असंल तुमचं," ते कागद उलटा धरून म्हणाले. "भोक कुठं पाडू तेवढं सांगा. बॉनेटमध्ये म्हणताय ना? झ्याक. गाडीखाली झोपायचं वाचलं माझं."

अशा रीतीने सिद्धांत आणि व्यवहार यांचे एकमत होऊन पंप बॉनेटखाली बसला.

आणि १० एप्रिलच्या दुपारी, घाटातल्या वळणावर, तो घाबऱ्या माणसाच्या छातीसारखा टकटकटकटक करू लागला. तो वाफ ओढत होता. गाडी थांबली.  मग मागच्या सीटवरून कळशीचा आवाज झाला.

"देऊ का पराभव?" आईने विचारले.

बाबांनी नव्या पंपाला जुना पंचा गुंडाळला. मी दशमीला हात लावला नाही, तेव्हा आई म्हणाली, "खा गं. एवढं गणित केलंस, भूक लागली असेल."

 बाबा मात्र टपाकडे बघत होते, आणि ते मला आईच्या टोमण्यापेक्षा जड गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात बारावीच्या उन्हाळी वर्गाला मी एक नेहमीचा प्रयोग दाखवत होते. चंबूत पाणी उकळायचे, आचेवरून काढून बूच मारायचे, चंबू उलटा धरायचा आणि वरून गार पाणी ओतायचे. आतली वाफ आकसते, दाब घटतो, आणि थंडावलेले पाणी पुन्हा खळाखळा उकळू लागते. मुलांना हे नेहमी जादूसारखे वाटते. मी फळ्याकडे वळून म्हणाले, "दाब कमी झाला, की द्रव कमी तापमानालाही उकळतो," आणि खडू हातात तसाच राहिला.

पुढे बसलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणे म्हणजे नळीतला दाब घटवणे. अख्ख्या गाडीच्या लांबीची ती नळी तापलेल्या इंजिनाशी येईपर्यंत आतले पेट्रोल उकळायला एका पायावर तयार असणार, आणि त्याला उत्तेजन देण्याची व्यवस्था मी स्वतः, आलेख काढून केली होती. ज्या वाक्यावर मी परीक्षेत गुण मिळवले, ज्या वाक्याचा मला पगार मिळतो, ते वाक्य मी स्वतःच्या गाडीला लावले नव्हते. मी वायर मोजली. पेट्रोल विचारात घेतले नाही. व्होल्टेजचा उपाय तर जाड वायर इतका सोपा होता.

पंपाचे काम ढकलण्याचे. म्हणून त्याची जागा टाकीच्या शेजारी, तिच्या तळाहून किंचित खाली, सायलेन्सरच्या नळीच्या उलट बाजूला. मिस्त्री गाडीखाली सरकताना एवढेच म्हणाले, "झोपावं लागलंच ना शेवटी!"

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा कल्याण गाठले. मावशीला आमच्या वाढत्या मायेचा अर्थ लागेना. परतताना ऊन अगदी माथ्यावर असेल असा मी बेत केला होता. घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्याला, चहासाठी थांबलो. चढायच्या आधी थांबणे अटीत बसत होते. "टायरची हवा बघून येतो," म्हणत बाबा उठले. मी बाकावर बसून आईला दाब आणि उत्कलनबिंदू समजावत होते. ती कधी नव्हे इतक्या लक्षपूर्वक ऐकत होती आणि मधूनमधून प्रश्नही विचारत होती. याचा मला संशय यायला हवा होता.

घाट मी चालवला. पंप मागून सावकाश टक... टक... करत होता. ज्या वळणावर आम्ही दशम्या खाल्ल्या होत्या, ते वळण मागे पडले. मग आणखी एक. बाबांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते. आईला मध्येच रस्त्याच्या कडेची करवंदे दिसली.

"जरा थांबव गं."

"मुळीच नाही!" बाबा आणि मी एकदम ओरडलो.

इगतपुरीला पोचल्यावर मी गाडी झाडाखाली उभी केली आणि पंप किती तापला ते पाहायला मागे जाऊन वाकले. पंपाला पंचा गुंडाळला होता. ओला, नीट पिळलेला, दोन गाठी मारलेला. मी सरळ होऊन बाबांकडे पाहिले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ मातीने लाल झाली होती.

"बाबा, हे काय?"

"कुठे काय?"

"आता गाडी पंपाच्या जागेमुळे चढली की पंच्यामुळे, हे कसं ठरवायचं? सगळा प्रयोग बाद झाला!"

"मला ठरवून काय करायचंय? चढली ना?"

"पण अट तुमची होती. परीक्षक तुम्ही होतात!"

"मग? परीक्षकाने पास केलं."

"मी म्हटलं होतं यांना," आई म्हणाली, "एक गाठ सुटते, दोन मारा."

अक्षय्य तृतीयेला बँडवाले मालक ठरल्या वेळी आले. बाबांनी त्यांना पन्हे दिले, आंब्यांची चौकशी केली, आणि घोड्यावरच नवरदेव कसा शोभतो हे अर्धा तास पटवून दिले. किल्ली बाबांच्याच खिशात होती आणि हात खिशावर.

टाकीजवळच्या गारव्यात पंच्याचा काडीचाही उपयोग झाला नसणार, हे माझे मत आजही कायम आहे. ते सिद्ध करायला पंच्याशिवाय पुन्हा एकदा घाट चढून पाहायला हवे होते. बाबा तयार झाले नाहीत. मीही फार आग्रह केला नाही. टप शाबूत होता आणि दुसऱ्या दिवसापासून मला फाटकातून आत शिरायचे होते. तरीही त्या संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, मी निरीक्षणे प्रामाणिकपणे नोंदवली. घाटातले थांबे: शून्य. चढावर पंपाचे ठोके: मिनिटाला सुमारे तीस. वायर: जाड. ओले पंचे: १.