धुऱ्यावरचा चंदनबटवा

गव्हाच्या ओळीत बसली की मावशी आधी दोन बोटांनी रोपाचं बूड उघडं करायची. पानाकडे बघायचीच नाही. "गव्हाचं न तणाचं पान सारखंच दिसते, मॅडम. बूड पाहा. लाल दिसलं का काढाचं."

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आर्वीजवळच्या आमच्या दोन एकरांत गहू पेरू लागले. निंदणाला गावातल्या बायका घेऊन ती यायची; सगळं गाव तिला मावशीच म्हणे. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मीही निंदायला बसले आणि तासाभरात मूठभर गहूच उपटला. मावशीने ती जुडी माझ्यापुढे धरली आणि शाळेतही तुम्ही हुशार पोरंच वर्गाबाहेर काढायच्या का, असं गंभीरपणे विचारलं. बायका हसून लोळल्या. मीही हसले, जरा उशिरा.

गव्हातला चंदनबटवा मात्र ती फेकू द्यायची नाही. निंदणारीने तो ओटीत घालून घरी न्यायचा, ही इकडची रीतच. अशा भरल्या ओटीने परतणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. मला जे तण वाटे, ती त्यांची संध्याकाळची भाजी असे. मावशी त्यातली वाटीभर माझ्यासाठी आणायची आणि मलाही तिची चटक लागली.

मग एका वर्षी मी तणनाशक मारून घेतलं. यंदा निंदण नाही, हे मावशीला सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारी सहज म्हणाला, की मावशी सकाळीच तुमच्या वावरातून भाजी घेऊन गेली. तिच्या घरी लहान नात होती. मी तशीच धावत सुटले.

मावशी अंगणात बसली होती. भाजी उकिरड्यावर पडली होती. निवडताना शेंडे पिळवटलेले दिसले आणि तिने ओळखलं.

ती चिडली नाही. आधी मला पाणी दिलं. मग म्हणाली, "औषध मारलं त मारलं, मॅडम. पण सांगाचं राह्यते. आमच्या घरी लेकरू खाते."

मला रडू आवरेना. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यानंतर दरवर्षी फवारणीआधी मी तिच्या घरी जाऊन सांगायची आणि धुऱ्यालगतच्या, बांधाकडेच्या चार ओळी तिच्यासाठी सोडायची. गेल्या पावसाळ्यात मावशी वारली. यंदा फवारणीवाल्याने विचारलं, या ओळींवरही मारू का? मी नको म्हटलं.

आता तिथला चंदनबटवा कमरेइतका वाढून निबर झालाय, बी धरलंय. ते गव्हात पडलं की पुढच्या वर्षी वावरभर तण होईल, हे मला कळतं. रोज उपटायला जाते आणि तशीच परत येते.