रविवार कारंजापर्यंत

वकीलसाहेबांना त्यांच्या थोरल्या भावाने फसवलं. मरणाऱ्याला दिलेला शब्द मेल्यावर फिरवला. हे ऐकीव नाही. शब्द दिला तेव्हा मी खाटेजवळ उभा होतो.

नाशकात हौसेने मोटार ठेवणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके. मी जुन्या मोटारींचा व्यापारी, त्याआधी टांगा हाकणारा. तुमच्यापैकी कुणी माझ्याकडून काही घेतलं असेल, तर माझी जीभ ठाऊक असेलच. गिऱ्हाईक भांडलं नाही तर मला अन्न गोड लागत नाही. वकीलसाहेबांनी तेच सुख नासवलं. ते बॉनेटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मी सांगेन त्या किमतीला "बरं" म्हणायचे.

"अहो, निदान एकदा तरी कमी करा म्हणा!" मी एकदा ओरडलोच.

"तुम्ही विचार करूनच सांगितला असेल ना?"

अशा माणसाला लुबाडायचं कसं? शेवटी मीच चिडून भाव उतरवायचो.

रविवारी आमच्या गाड्या गंगापूरच्या रस्त्याला निघत. त्यांची सगळ्यांत मागे. उतार दिसला की म्हणायचे, "ब्रेकवर विसंबू नये, गिअर खाली घ्यावा."

"वकीलसाहेब, बैलगाडी पुढे गेली," आमच्यातले डॉक्टर चिडवायचे.

"जाऊ द्या. बैलांची घरी कुणी वाट पाहत असेल."

त्यांना मूलबाळ नव्हतं. शेवटच्या दुखण्यात सगळं थोरल्या भावाच्या, दादासाहेबांच्या हाती. एका दुपारी वकीलसाहेब त्यांना म्हणाले, "दादा, मी गेल्यावर मला मोटारीतून न्या."

"भलतंच काय? लोक काय म्हणतील?"

"मग अर्धा रस्ता."

"अरे, भटजी तरी तयार होतील का?"

"निदान रविवार कारंजापर्यंत. पुढे खांद्यावर."

जन्मात पहिल्यांदा हा माणूस घासाघीस करत होता, आणि किती वाईट! मागितलं आणि लगेच खाली उतरला. त्यांच्या वतीने मीच तोंड घालणार होतो, तेवढ्यात दादासाहेब म्हणाले, "बरं, कारंजापर्यंत." वकीलसाहेबांनी डोळे मिटले. सौदा झाला.

ते गेले त्या सकाळी आम्ही मोटारवाले जमलो. त्यांच्या गाडीचा टप मी खाली पाडला. तिरडी मावावी म्हणून मागची बैठक काढून माझ्या दुकानी पाठवली. डॉक्टर दिवे पुसत होते. दादासाहेब हातात मडकं घेऊन बाहेर आले.

"हे काय? खांदेकऱ्यांचा दुष्काळ पडलाय?"

"तुम्ही शब्द दिलाय, दादासाहेब."

"मरणाऱ्याला नाही म्हणू नये, म्हणून हो म्हटलं. उद्या या गाडीत घरच्या बायका बसायच्या आहेत."

मग मी जे बोललो ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "शेठ, भांडण राहू द्या. आधी खांदा द्या."

दिला. चारी खांदे मोटारवाल्यांचेच होते. कारंजा मागे पडला आणि गोदेकडचा उतार लागला, तेव्हा पुढून डॉक्टर हळूच म्हणाले, "गिअर खाली घ्या." चौघांनीही पावलं आखडली. मागून कुणीतरी खेकसलं, "चला की, ऊन चढतंय!" आम्ही घाई केली नाही.

तेरावं झालं. परवा दादासाहेबांचा गडी दुकानी आला.

"मालकांनी मागची बैठक मागितली हाय. समद्यांना घेऊन त्र्यंबकला जायचंय. मोटारीनं."

मी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला.

दादासाहेब, बैठक तुमचीच आहे, मी ठेवून घेणार नाही. पण न्यायला गडी नको, स्वतः या. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहा आणि सांगा: ज्याने जन्मभर समोरच्याचा पहिला शब्द खरा मानला, त्यालाच तुम्ही का फसवलंत?