बाई ओरडल्या ती सभा

माझे धाकटे दीर सभांना माइक आणि स्पीकर लावतात. सगळी गल्ली त्यांना ‘हॅलो’ म्हणते, कारण गेली बावीस वर्षं प्रत्येक माइकमध्ये पहिला शब्द त्यांचाच असतो. घरात मात्र तोंडाला कुलूप. मनगटात चिकटपट्टीचं रीळ बांगडीसारखं अडकवलेलं आणि कुकरची शिट्टी झाली की कपाळाला आठी. “वहिनी, हिला जरा खालच्या सुरात बसवता येत नाही का?”

पुढाऱ्यांबद्दल त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. “माणूस बोलतो काय ते सोडा. माइक परत कसा देतो ते बघायचं.” कोणी तो टेबलावर टाकतो, कोणी चालूच ठेवून शेजारच्याच्या कानाला लागतो आणि मग घरचं भांडण मैदानभर ऐकू जातं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात दोघं उभे होते. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाईच म्हणत. दुसरे एक वकील. पहिल्या सभा झाल्यावर मी भाऊजींना विचारलं, “काय म्हणतं तुमचं शास्त्र?”

“बाईंनी बटण बंद करून दोन्ही हातांनी दिला.”

“आणि वकीलसाहेबांनी?”

“टाकला. उचलायला मी होतोच की.”

मी हसण्यावारी नेलं. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. आमच्या जिन्यातल्या बायका मत कोणाला द्यायचं ते मला विचारतात, आणि मलाही ते आवडतं.

शेवटची सभा शाळेच्या मैदानावर झाली. आधी बाई उठल्या. दुसऱ्या वाक्यापासूनच त्यांचा आवाज चढत गेला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मागून कोणीतरी ओरडलं, “बाई, आम्ही चौथी पास झालोय!” मैदान खो खो हसलं. त्यांच्यानंतर वकीलसाहेब बोलले ते घरच्या सोफ्यावर बसून बोलावं तसे, हळू आणि गोड. परतताना जिन्यात मी निकाल देऊन टाकला, “जिला स्वतःचा आवाज सांभाळता येत नाही, ती वॉर्ड काय सांभाळणार?” वाक्य चटपटीत होतं. दोन दिवसांत चार इमारती फिरून ते माझ्याच दारी परत आलं.

बाई एकसष्ट मतांनी पडल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघरात येऊन बसले. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली.

“वहिनी, डबा बंद होता.”

स्टेजवर एक स्पीकर बोलणाऱ्याकडे तोंड करून ठेवतात, त्याला ते डबा म्हणतात. त्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तो बंद असला की मोकळ्या मैदानात आपण बोलतोय की नाही हेच कळत नाही, आणि कोणीही ओरडायला लागतं. त्या दिवशी त्याच्या वायरची पिन निसटली होती. बाई बोलत होत्या तेव्हा भाऊजी मागे चहा पीत उभे होते. परत आल्यावर त्यांनी पिन बसवली, तोवर वकीलसाहेब उठले होते.

“मी बाईंना सांगून येतो,” म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्यासुद्धा.

मी अडवलं. “सांगून मतं परत येणार आहेत का? उद्या तुम्हाला सभेला कोण बोलावेल?”

ते चपला काढून परत बसले. मी त्यांच्या धंद्याचा विचार केला हे खरं आहे, पण अर्धंच. माझं जिन्यातलं वाक्य खोटं पडायला नको होतं, हे उरलेलं अर्धं. त्या दिवसापासून भाऊजी शास्त्राबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त प्रत्येक सभेआधी तो डबा तीन तीनदा तपासतात.

गेल्या महिन्यात वाचनालयात बाईंचं व्याख्यान होतं. मी लवकर जाऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. भाऊजी वायर पसरत होते. बाई आल्या आणि त्यांना म्हणाल्या, “माइक जरा लांबच ठेवा हं. मी ओरडते. मला कळत नाही, पण लोक म्हणतात ना. हल्ली नातीशीसुद्धा जपूनच बोलते.”

आणि हसल्या.

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“बाई, तुम्ही ओरडत नाही,” ते म्हणाले. “त्या सभेत माझा डबा बंद होता.” त्यांनी सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“तेव्हाच. स्टेजवरच.”

“मग इतके दिवस?”

माझं नाव त्यांनी मेले तरी घेतलं नसतं. मीच उठले. “त्यांना मी अडवलं, बाई.” आणि ते जिन्यातलं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं. रिकाम्या खोलीत ते अजिबात चटपटीत वाटलं नाही.

बाईंनी समोर मांडलेल्या डब्याकडे पाहिलं. मग भाऊजींना एवढंच म्हणाल्या, “आज चालू आहे ना?”

“चालू आहे.”

व्याख्यानात त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. शेवटी त्यांनी बटण बंद केलं आणि दोन्ही हातांनी माइक भाऊजींना दिला. जाताना माझ्यापाशी थांबल्या.

“जिन्यात अजून बसता का सगळ्या?”

“हो.”

“मग तिथेही सांगा.”

चार इमारती आहेत. आतापर्यंत सात दारं झाली.