पाय उचलला तरी धूर चालूच

शिंप्याच्या दुकानात चिंध्या कधी साठतात ते कळत नाही. रोज झाडून काढा, संध्याकाळी मशीनखाली पुन्हा ढीग! किश्श्यांचंही तसंच आहे. जे. पी. नगरात माझं कपडे शिवायचं दुकान आहे. दुकानाच्या वर एक मजला आहे आणि त्या मजल्यावर मिहीर भाड्यानं राहतो. पुण्याहून इकडे कानडी मुलखात आलेला मुलगा. त्याच्या ऑफिसात परदेशातल्या एका रेसच्या गाडीवरून वारा कसा वाहतो ते कम्प्युटरवर बघतात. दिवसभर तेवढंच! त्याची केतकी त्याच ऑफिसात. ती नागपूरची, शेजारच्या गल्लीत पीजीमध्ये राहते.

रेसच्या रविवारी वर टीव्ही लागतो. मी आणि माझी बायको चुरमुऱ्यांचा डबा घेऊन जिना चढतो. मला सगळे अण्णा म्हणतात, तिला अक्का. मी फार शिकलेलो नाही आणि फार बोलतही नाही. न बोलणाऱ्याच्या कानात जास्त माल पडतो. हे किस्से त्यातलेच.

*

पहिल्याच रविवारी मिहीरनं आम्हाला समजावून सांगितलं. इंजिनातून निघणारा गरम वारा वाया जाऊ द्यायचा नाही. धुराचा पाइप अशा जागी आणायचा, की तो वारा गाडीच्या मागच्या बाजूला जोरात सुटेल आणि गाडीच्या पोटाखालची हवा आपल्याबरोबर ओढून नेईल. पोटाखालची हवा पळाली की गाडी जमिनीला चिकटते. वळणावर घसरत नाही.

अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मागून वारा सोडायचा आणि त्याच्या जोरावर जमिनीला चिकटून बसायचं?"

"करेक्ट, अक्का! बेसिकली तेच!"

"आमचे थोरले भावजी जन्मभर तेच करत होते. त्यांना कुणी कप दिला नाही!"

*

मिहीरचं खरं प्रेम वाऱ्यावर नाही, नियमातल्या फटीवर. तो म्हणतो, रेसमध्ये नियम मोडणारा मूर्ख आणि नियम पाळणारा त्याहून मूर्ख. नियमात जे लिहायचं राहून गेलं, तिथे जो घुसतो तो जिंकतो.

गेल्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल होते. टँकरची वाट बघत बादल्या रांगेत. मी मिहीरला सांगितलं, "बाबा, नळाच्या पाण्यानं गाडी धुवायची नाही." तो म्हणाला, "सरी, अण्णा." 'बरं' म्हणायचं एवढं एक कानडी त्याला येतं. पण त्याची पांढरी गाडी रोज चकाचक! मी बघितलं तर त्यानं गाडीच्या वर दोरी बांधलेली. कपडे न पिळता, निथळते वाळत घालायचा. पाणी टपावर पडलं की फडकं मारायचं.

"मी गाडी धुतच नाही, अण्णा. कपडे वाळत घालतो. ठिबकणं नियमात नाहीये!"

मला हसू आलं. अक्कानं नवीन नियम केला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एक नवंकोरं लाल लुगडं भिजवलं आणि त्याच दोरीवर, त्याच गाडीवर, नीट पसरून घातलं. मिहीर खाली आला तेव्हा गाडी होळी खेळून आल्यासारखी दिसत होती.

"अक्का, हे काय!"

"ठिबकणं नियमात नाही ना रे?"

*

राव सर म्हणजे या दोघांचे साहेब. परदेशातले पाहुणे येणार होते, मोठं जेवण होतं, म्हणून माझ्याकडे सूट शिवायला आले.

पोट असलेलं गिऱ्हाईक टेप बघितली की श्वास आत ओढतं. हा जगाचा नियम आहे. म्हणून मी टेप लावून उगाच गप्पा मारतो. बोलता बोलता माणूस श्वास सोडतो, पोट आपल्या जागी येतं, तेव्हा माप घ्यायचं. पण राव सर बोलेनात! ओठ मिटून उभे. मी म्हटलं, "सर, स्वल्प श्वास सोडा."

त्यांनी दातांतूनच सांगितलं, "अण्णा, धिस इज माय नॉर्मल."

गिऱ्हाईक सांगेल ते नॉर्मल. मी तसाच सूट शिवला. जेवणाच्या रात्री साहेब खुर्चीत बसले, पहिला घास पोटात गेला आणि मधलं बटण सुटून थेट समोरच्या पाहुण्याच्या सूपमध्ये!

केतकीनं हे येऊन सांगितलं तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. म्हणाली, "अण्णा, गाडीचा पंखही अस्साच असतो. तपासणारे गाडी उभी करून पंखावर वजन ठेवतात, तो वाकत नाही. पास! ट्रॅकवर पळायला लागला की पाहिजे तसा वाकतो."

"मग पकडत नाहीत?"

"पकडतात ना. बटण उडालं की!"

*

केतकी शांत मुलगी आहे. नियमांचं ते जाडजूड पुस्तक ती अशी वाचते, जशी माझी आई पोथी वाचायची. गाडीच्या मागे अमुक जागेत काहीही लावायचं नाही, असा नियम. केतकीच्या लक्षात आलं, की गाडीचा एक भाग थोडा मागे सरकवला तर धुराच्या पाइपामागची बोटभर जागा त्या नियमातून सुटते. तिथे तिनं एक छोटीशी पट्टी सुचवली. गरम वारा त्या पट्टीवर आपटतो आणि गाडीचं मागचं अंग खाली दाबलं जातं. तिनं चुरमुऱ्याच्या कागदावर काढून दाखवलं तेव्हा मलासुद्धा कळलं.

परदेशातली माणसं खूश झाली. राव सर मीटिंगमध्ये कम्प्युटरच्या पडद्यावर त्यांना म्हणाले, "माय स्मॉल आयडिया." केतकी शेजारीच बसलेली.

पुढे दुसऱ्या गाड्यांच्या लोकांनी ओरडा केला, की ही लबाडी आहे, चौकशी करा! त्या दिवशी पडद्यावर राव सर म्हणाले, "केतकीज आयडिया. शी इज व्हेरी यंग."

चौकशीत पट्टी नियमात बसली. मग ओरडणाऱ्या सगळ्यांनी तसलीच पट्टी लावायला घेतली. राव सर पुन्हा म्हणाले, "माय स्मॉल आयडिया."

अक्का म्हणाली, "या माणसाचा सूट उसवून परत शिवा हो. दोन्हीकडून घालता येईल असा!"

*

आता या दोघांच्या लग्नाचं. साखरपुडा नागपूरला झाला, तेव्हाच केतकीच्या आईनं शालूवरचा ब्लाउजपीस माझ्याकडे पाठवला. पण कंपनीचा नियम आडवा आला. नवरा-बायको एका टीममध्ये चालत नाहीत. एकानं सोडायचं. मिहीरला लगेच फट दिसली. "होणारा नवरा हा नवरा नसतो! आपण होणारेच राहू!"

राहिले. वर्ष गेलं, दुसरं गेलं. अक्का दर दिवाळीत तो ब्लाउजपीस काढते, उन्हात धरते, कडुलिंबाचा पाला बदलते आणि परत ठेवते. केतकी कधीकधी दुकानात येऊन त्याच्यावरून हात फिरवून जायची. मला विचारायची, "अण्णा, रंग उतरला तर नाही ना?" मी म्हणायचो, "नाही गं." थोडा उतरला होता.

एका रविवारी मिहीर जुन्या गाड्यांची गंमत सांगत होता. ड्रायव्हरनं पाय उचलला की धुराचा वारा बंद, आणि नेमक्या वळणावर गाडी सुटते. म्हणून कुणीतरी अशी सोय केली, की पाय उचलला तरी इंजिन पेट्रोल जाळत राहील. गाडीला पुढे ढकलायचं नाही, नुसता वारा सोडायचा! पुढे ते बंद केलं म्हणे.

अक्का टीव्हीकडे बघत होती. म्हणाली, "बंद कुठे केलं? आमच्या वरच्या मजल्यावर चालू आहे. पाय उचललेला, गाडी जाग्यावर, आणि साखरपुड्याचा धूर दोन वर्षं!"

मिहीर मोठ्यानं हसला. केतकी हसली नाही.

*

शेवटी केतकीची आई स्वतः आली. संत्राबर्फीचा डबा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "जावईबापू, लग्न कधी करून राहिले तुम्ही? नाहीतर सांगून टाका. मी दुसरं स्थळ पाहतो."

मिहीरनं कंपनीचा नियम समजावला. त्याची फट समजावली. हातवारे करून, टीव्हीवर रेस समजावतो तस्सं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग दोघांतल्या एकानं नोकरी बदला ना बाप्पा!"

"काकू, ती फट नाही. ते सरळ दार आहे!"

"मग दारातून जा! काहून फटीत अडकून राहिले?"

मिहीरनं हळूच केतकीकडे बघितलं. एवढंच. पण त्या बघण्यात कुणी नोकरी सोडायची ते लिहिलेलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी वाचलं. केतकीनं बर्फीचा डबा बंद केला आणि आईला घेऊन खाली उतरली.

पुढचे बरेच रविवार ती आली नाही.

*

मग एका संध्याकाळी मिहीर जिन्यावरून धडधडत दुकानात आला. "अण्णा, माप घ्या! लग्नाचा कोट!"

"म्हणजे?"

"केतकीनं राजीनामा दिला! जिथे रेसचे नियम लिहितात आणि गाड्या तपासतात, त्या लोकांकडे लागली. आता आम्ही एका टीममध्ये नाही. नियमच लागू नाही! आणि मला काही करावंसुद्धा लागलं नाही!"

मी टेप घेतली. छाती अशी फुगलेली, की टेप पुरते की नाही असं झालं. मी माझ्या सवयीनं थांबलो, गप्पा मारल्या, पण त्याचा श्वास काही खाली येईना. अक्का मशीनवर काज करत होती.

एवढ्यात केतकी आली. दारातच उभी राहिली.

"मिहीर, तिथेही एक नियम आहे. रेसच्या कुठल्याही टीममधल्या माणसाशी जवळचं नातं असेल, तर तिथे काम करता येत नाही."

मिहीरची छाती जराही उतरली नाही. उलट डोळे चमकले. "जवळचं नातं म्हणजे? साखरपुडा धरतात का? व्याख्या काय दिलीये?"

"व्याख्या अजून दिलेली नाही."

"मग फट आहे!" टेप माझ्या बोटांतून आणखी दोन बोटं सरकली.

"आहे ना," केतकी म्हणाली. "ती व्याख्या लिहायलाच त्यांनी मला घेतलंय."

मिहीरचा श्वास सुटला आणि माझ्या हातातली टेप एकदम सैल पडली.

अक्कानं मशीनवरून मान वर केली आणि म्हणाली, "हां. आता घ्या माप."