दार नसलेलं घर

नामदेव गेल्याचा फोन दौंडला आला, तेव्हा मी नुकताच जेवायला बसलो होतो. माझा चुलतभाऊ, बरोबरीचा, वरवंडच्या शाळेत चित्रकला शिकवायचा... छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आधीच आटोपलं. ताट सरकवून निघालो. रडू त्या दिवशी आलं नाही. ते पुढं भलत्याच वेळी, बाजारात भाजी घेताना आलं.

आमचे आजोबा, आबा, मेंढरांमागं फिरले. लहानपणी आम्ही दोघंही त्यांच्या मुक्कामावर, म्हणजे वाड्यावर, राहिलेलो. नोकरी लागल्यावर, नव्वदच्या आसपास, नामदेवनं वरवंडला घर बांधलं, आमच्या घराण्यातलं पहिलं स्लॅबचं. आणि गड्यानं त्याच घराचं चित्र काय काढावं! भिंती कलंडलेल्या, आभाळ लालभडक, खिडक्या काळ्या, घरभर काळ्या रेघांचं जाळं आणि दाराचा पत्ताच नाही. ते पुण्याच्या प्रदर्शनात लागलं. कुणा जाणकारानं पेपरात लिहिलं, हा घुसमटलेल्या माणसाचा तुरुंग आहे. नामदेव हसला. "लिहू दे की, त्याचं बी पोट हाय," एवढंच म्हणाला. पण ते कौसल्यावहिनींनीही वाचलं होतं. चित्र घरी आलं ते चादरीत गुंडाळून थेट माळ्यावर गेलं. त्यांनी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. त्याचा हा स्वभाव मला कधीच पटला नाही. अरे, बायकोला तरी सांगावं माणसानं!

महिन्याभरानं गेलो, तर चित्र खाली काढून भिंतीला टेकवलेलं.

"भाऊजी, घेऊन जावा हे. न्हाईतर शाळंला द्या." मग चहाचं आधण ठेवता ठेवता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "खरं सांगा... ह्या घरात त्यांचा जीव गुदमरत व्हता का? माझ्यासंगं?"

मी बँकेतला माणूस, रंगातलं मला ओ की ठो कळत नाही. पेपरात ते बोटभर, काळंपांढरं आलं होतं. समोरासमोर पहिल्यांदाच पाहत होतो. त्या रेघांना जागोजाग गाठी होत्या. वाघर! रात्री मेंढरांभोवती लावतात ती जाळी. वहिनींचं माहेर यवतचं, दोन पिढ्या बागायतीत रुळलेलं. त्यांना ती कुठून ठाऊक असणार? मी सांगितलं, वाघर कोंडायला नसते, लांडग्यापासून राखायला असते. तिला दार नसतं, कड उचलून आत शिरायचं. आत मेंढरं एकमेकांना रेलून बसतात, या भिंतींसारखी. लाल आभाळ म्हणजे शेकोटीचा उजेड असावा... तो आपला माझा अंदाज.

वहिनी चुलीपासून उठून चित्रासमोर येऊन बसल्या. चहा उतू गेला.

"मंग खाली कोपऱ्यात हिरवं काय हाय? गवत?"

मी वाकून पाहिलं. "गवत न्हाई वहिनी. हात हाय, बांगड्या भरलेला. वाघर वर धरलीया."

आमच्या वाड्यावर सकाळी वाघर उचलायची ती घरच्या बाईनंच, तशी रीतच होती. तेही सांगितलं. त्यांनी आपलं मोकळं मनगट पदराखाली घेतलं. मलाही मग तिथं थांबवेना.

परवा पुन्हा गेलो. चित्र बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच समोर लावलेलं. शाळेचा विषय मीच काढला.

"शाळंला दुसरं कायतरी द्या," वहिनी म्हणाल्या. "हे ऱ्हाऊ द्या. ह्यात माझ्या बांगड्या हायेत."