इच्छा विचारायला आलेली पोरगी

गडबच्या नाक्यावर ट्रंकेवर बसून मी रडत होते. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. नवऱ्याला रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टचं काम लागलं होतं, म्हणून खाडीकडचं आमचं गाव सोडून आम्ही निघालो होतो. आई एष्टीत बसवून द्यायला आली होती. ती म्हणाली, "रोहा म्हणजे काय विलायत हाय गो? पूस डोळं. लोक बघतात."

विलायत नव्हतीच. पुलापलीकडे अष्टमी गावात एक खोली, दाराशी नळ, आणि वारा फिरला की कंपनीचा वास. पण मला ती विलायतच वाटली. इथं कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या शेतात खारं पाणी शिरलं, काही म्हणजे काही कळायचं नाही. नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. त्याचं घोरणं ऐकत किती बसणार? मग एका ट्रस्टच्या दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथं म्हाताऱ्यांचा एक वॉर्ड होता. ज्यांचं दुखणं बरं होणार नाही अशांचा. त्यांना निदान त्रास कमी व्हावा, एवढंच तिथलं काम. नर्सबायांच्या मागं फिरून, विचारून, बोलणी खाऊन शिकले, आणि काही वर्षांत वॉर्ड माझ्याच ताब्यात आला.

गावात माझी चुलत जाऊ सांगत सुटली, "ती रोह्याला म्हाताऱ्यांचं हगमूत काढते." सांगू दे. तिनं स्वतःच्या सासूचं कधी काढलं नाही, तिला दुसऱ्याचं कशाला दिसावं! आणि गावातले तुम्ही जे वाशी-पनवेलला गेलात, तुमचंही सांगते. आईबाप माझ्या वॉर्डात पडलेले, आणि तुम्ही महिन्यातून एकदा सफरचंदाची पिशवी घेऊन येणार. दात नसलेल्या माणसाला सफरचंद! ती सफरचंदं शेवटी आमच्या झाडूवाल्याची पोरं खायची. त्यांची तब्येत मात्र छान सुधारली.

मग एकदा दिव्याहून येणाऱ्या पॅसेंजरनं शहरातले चार नवे डॉक्टर उतरले. संशोधन करायला. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "काकी, म्हातारपणी शेवटच्या दुखण्यात त्रास कसा कमी करायचा, यावर अभ्यास करणार आहेत ही मुलं. यांना तुमच्या हाताखाली घ्या. माणसांशी बोलायला शिकवा."

म्हणजे बघा. आईबापांनी जमीन विकल्यासारखा पैसा ओतला, पोरं डॉक्टर झाली, आणि बोलायचं राहिलं!

एक जण खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मासळीचा लिलाव पुकारावा तसा ओरडायचा, "बाबा, दुखतंय का?" बाबांना नीट ऐकू यायचं, ते त्यालाच बहिरा समजले. दुसऱ्याचा रुमाल नाकावरून खाली येईना. त्याला मी म्हटलं, "बाळा, तू चहा पिऊन ये. रोजच पीत बस." त्यांना मी स्टुलावर बसायला शिकवलं, गप्प राहायला शिकवलं. मुलगा समोर असताना आईला "दुखतंय का" विचारू नका, म्हटलं. लेकासमोर ती "नाय" म्हणणार, म्हणजे तो निवांत घरी जाईल.

चौघांत एक मृदुला होती. पुण्याची. इतकी सभ्य की खाटेला पाय लागला तर खाटेलासुद्धा सॉरी म्हणायची.

चांगुणाआजी तिच्या वाट्याला आली. मिठागरात जन्म गेलेली बाई, पोटात गाठ, पण जिभेला धार. वॉर्डातल्या प्रत्येकाला शिव्या देऊन मगच पेज प्यायची. मृदुला तिच्याजवळ बसली, हात हातात घेतला आणि मऊ आवाजात म्हणाली, "आजी, तुमची काही इच्छा राहिली आहे का?"

त्यांच्या अभ्यासातला प्रश्न होता तो. चांगल्या मनानं काढलेला. पण आमच्याकडे हे कधी विचारतात? श्वास लागला, गंगेचं पाणी शोधायला माणूस धावला, तेव्हा. आजीनं पोरीकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

झालं. पेज बंद, दुखण्याचं औषध बंद. तोंड घट्ट मिटून मरणाची वाट बघत पडली. मुलाला निरोप गेला. मग काय, गोतावळा जमला आणि जो तो तिच्याशी लोण्यासारखं बोलायला लागला. जन्मभर जिच्याशी अबोला धरला ती भावजयसुद्धा "वन्सं, माजी चूक झाली" म्हणून पाया पडली. आजीची खात्रीच पटली. मोठे डॉक्टर म्हणाले, "तशी वेळ आलेली नाही अजून. पण अशीच उपाशी, कळा सोसत पडली तर आणेल ओढून."

मी खेकसून पाहिलं. उपयोग नाही. माझं खेकसणं वॉर्डात रोजचंच, त्याला कोण विचारतो? मृदुला कोपऱ्यात डोळे पुसत होती. मी म्हटलं, "तूच विचारलंस ना? जा, तूच भांड तिच्याशी."

"भांडू? पेशंटशी?"

"मरणाऱ्याशी आमच्याकडे कुणी भांडत नाही. भांडलीस तर तिला कळेल, वेळ आहे म्हणून."

गेली बिचारी. म्हणाली, "आजी, तुमचं हे वागणं योग्य नाही." असं भांडतात? बँकेत कुणी रांग मोडली तर बोलावं तशी!

पण औषधाचा चमचा तोंडाशी नेला, तेव्हा आजीनं हात झटकला. गुलाबी औषध पोरीच्या पांढऱ्या ड्रेसवर. आणि मृदुलाचा तोल गेला. शिकवलेलं नव्हतं ते, आतून आलं.

"पुरे आता, आजी! मला नव्हतं माहीत तुमच्याकडे असं असतं! चुकलं तर तोंडावर सांगायचं ना! रुसून काय बसलाय लहान मुलासारखं? हा ड्रेस माझ्या आईनं शिवलाय. डाग काय तुम्ही धुणार आहात?"

भावजयीनं पदर तोंडाला लावला. आजी हळूच वळली.

"काय गो, माज्यावर आवाज चढवतंस? तुज्या आयनं ह्याच शिकवलं?"

"हो, हेच!"

"मंग चमचा धराया नाय शिकवलं. ढोराला पाजतंस काय?" मग म्हणाली, "म्हंजे मी मरत नाय?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही.

"मरणार, आजी," ती म्हणाली. "पण आज नाही. जेवलात तर उद्याही नाही."

"मंग पयलं सांगायचं ना, भवाने." आणि तोंड उघडलं.

त्यानंतर आजी बरेच दिवस होती. औषध नीट घेतलं, कळा कमी झाल्या, भावजयीला पुन्हा दाराबाहेर काढलं. मृदुलाशी रोज एक भांडण. मग एका सकाळी मृदुला तिच्याशी हळू बोलायला लागली. आजीनं ओळखलं. पोरीचं मनगट धरून पडून राहिली. दुपारी गेली.

आता माझेही केस पिकले. गावाला जाते, तर तीच चुलत जाऊ नवी चादर अंथरते. "या, बसा. साखर किती घालू?" सगळी माझ्याशी जपून बोलतात. जेवून निघाले की माझी पिशवीसुद्धा कुणीतरी धावत येऊन उचलतं. मी संध्याकाळची एष्टी चुकू देत नाही.

अष्टमीला मी गॅलरीत धुणं घालते. खाली शेजारीण हमीदाचे पापड वाळत असतात. पाणी ठिबकलं की ती खालून ओरडते, "ओ काकी, आंधळ्या झालात काय?" मी वाकून तिला दुप्पट ऐकवते, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, साडी पिळून घेते.